बेलभंडार आणि घरपट्टी

माझ्या सासऱ्यांनी आयुष्यात एकदाच शपथ घेतली आणि ती मतांसाठी घेतली. हे आधीच सांगून टाकते, कारण आमच्या नातेवाइकांत ही गोष्ट निघाली की तिला फार सोवळे नेसवतात.

हैदराबाद संस्थान हिंदुस्थानात सामील होऊन फार काळ लोटला नव्हता. बाजारात निजामाचे हाली नाणे आणि सरकारी कलदार अशी दोन्ही चालत होती आणि भाजीवालीशी घासाघीस करताना आधी नाणे कोणते ते ठरवावे लागे. म्युनिसिपालिटीला सगळे पूर्वीसारखे बलदियाच म्हणत. त्या बलदियाच्या निवडणुका आल्या, आणि मत प्रत्येक मोठ्या माणसाला, बायकांनासुद्धा. सासरे वकील होते. कायदा उर्दूत शिकलेले, घरात मराठी, पक्षकाराशी त्याला येईल त्या भाषेत. कुणीतरी सुचवले आणि ते उभे राहिले.

आता आम्ही नल्लकुंट्याला राहतो, पण तेव्हा गौलीगुड्यात राहत होतो. आमच्या वॉर्डाची एक बाजू म्हणजे आमच्यासारख्या नोकरदार, मास्तर, वकील लोकांच्या गल्ल्या, आणि दुसरी बाजू बेगम बाजारची दुकाने आणि गोदामे. दोन्हीकडची मते हवी होती.

बाजाराला व्याख्यान नको होते. त्यांनी एवढेच विचारले की, निवडून आल्यावर घरपट्टी वाढवाल का? त्यांची भीती खोटी नव्हती. थोड्या वर्षांत राज्य बदलले, लष्कर येऊन गेले, नाणे बदलायला लागले. करोडगिरी, म्हणजे संस्थानच्या हद्दीवरची जकात, उठणार असे सगळे म्हणत होते, पण तिच्या जागी काय बसणार ते कुणी सांगत नव्हते. सासरे म्हणाले, "वाढवणार नाही."

तिथे हळदीचे एक मोठे अडते होते. बसमतकडचे लिंगायत. त्यांना सगळा बाजार आप्पा म्हणे, आपणही म्हणू. आप्पा म्हणाले, "वकीलसाब, तुमची जबान कोर्टात चालती. इथं बेलभंडार चालतो."

बेलाचे पान जवळच्या महादेवाच्या देवळातून आले, हळद आप्पांच्याच पोत्यातून. सासऱ्यांनी दोन्ही तळहातावर घेतले आणि चारचौघांत म्हणाले की, मी नवा कर बसवणार नाही, जुना वाढवणार नाही, आणि वाढवणाऱ्याला मत देणार नाही. ज्या माणसाने घरभाड्याची चिठ्ठीसुद्धा कधी मुदत घातल्याशिवाय लिहिली नाही, त्याने स्वतःच्या शपथेला मुदत घातली नाही. अटही घातली नाही.

घरी आले तेव्हा हात पिवळाधमक होता. सासूबाईंनी विचारले, "कुणाच्या हळदीला जाऊन आलात?"

"बेगम बाजारच्या," ते म्हणाले. फार खूश होते.

त्याच आठवड्यात आमच्या गल्लीतल्या मराठी मुलींच्या शाळेच्या अंगणात सभा झाली. ही शाळा एका मंडळाची, वर्गणीवर चालायची, आणि चौथीनंतर मुली घरी बसत, कारण पुढचे वर्ग चालवायला मंडळाकडे पैसा नव्हता. सासऱ्यांनी सांगितले, निवडून आलो तर वरच्या वर्गांना बलदियाची ग्रँट मिळवून देईन आणि मागचे उघडे गटार झाकून घेईन. आम्ही बायकांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. एकीकडे कर वाढणार नाही, दुसरीकडे खर्च वाढणार. दोन्ही सभांना हजर असलेला माणूस एकच होता, आणि तो हार घालून घेण्यात गुंतला होता.

ते निवडून आले, आणि पहिले वर्ष तर मजेत गेले. काटकसर करायला त्यांना मनापासून आवडे. सभासदांचा चहा-बिस्किटांचा खर्च बंद करा, पाहुण्यांचे हार बंद करा, जी मोटार दुरुस्तीलाच जास्त असते ती विकून टाका. एकेक ठराव मांडत आणि घरी येऊन जेवताना सांगत. हा नाद त्यांनी घरातही आणला. दिवाणखान्यातला दिवा लवकर मालवा, वर्तमानपत्र शेजाऱ्यांशी वाटून घ्या. सासूबाईंनी काही दिवस ऐकून घेतले आणि मग म्हणाल्या, "मिळकत तेवढीच ठेवायची असेल तर तुमचे पक्षकारही जेवायला तेवढेच आणा." त्यानंतर घरात नवा ठराव आला नाही.

पण त्या चहा-बिस्किटांतून आणि मोटारीतून खरेच पैसा निघाला आणि शाळेला ग्रँट मिळाली. वरचे वर्ग उघडले. गणित शिकवायला बाई मिळेनात. मी इंटरपर्यंत शिकलेली, मुलगा बोलायला लागलेला, त्याला सांभाळायला सासूबाई. मंडळाने विचारले, मी हो म्हटले. नेमणूक मंडळाने केली, पगार ग्रँटमधून. हे सगळ्यांना ठाऊक होते. तेव्हा कुणाला त्यात काही वावगे दिसले नाही, मलाही नाही.

मला ते काम फार आवडे. माझ्या वर्गातल्या मुली मोठ्या होत्या. काहींची लग्ने ठरत होती, एकीचे झालेले होते. अपूर्णांक त्यांना चटकन कळत, कारण घरी तांदूळ त्याच मोजत.

दुसऱ्या वर्षी अंदाजपत्रकाची वेळ आली आणि खड्डा दिसला. करोडगिरी टप्प्याटप्प्याने उठत होती, राज्य सरकारच्या तिजोरीत त्यामुळे खोट आली होती, आणि म्हणून बलदियाला वरून येणारी रक्कम कमी झाली. विकायला आता मोटार नव्हती, चहा आधीच बंद होता. अंदाजपत्रकाचा कच्चा मसुदा घेऊन सासरे घरी आले. त्यात दोन वाटा होत्या. एक, घरपट्टी थोडी वाढवायची. दुसरी, न वाढवता काही खर्च गाळायचे. गाळायच्या खर्चांत आमच्या शाळेच्या वरच्या वर्गांची ग्रँट होती आणि गटारही होते.

त्या रात्री जेवणावर बसल्यावर मी विचारले, "मामंजी, सभासदांचा कल कुठे आहे?"

"निम्मे इकडे, निम्मे तिकडे."

"आणि तुमचे मत?"

"माझे मत बेलभंडाराखाली दडपलेले आहे, सूनबाई. तुला ठाऊक आहे."

सासूबाई वाढता वाढता म्हणाल्या, "शपथ तुम्ही घेतली. उपास त्या पोरींनी का करायचा?"

सासऱ्यांनी ताटाभोवती पाणी फिरवले आणि जेवायला सुरुवात केली. माझे यजमान डाकखात्यात होते. वादात कमी पडतात, पण नेमके बोलतात. ते म्हणाले, "बाबांनी शपथ मोडली तर लोक म्हणतील, सुनेच्या पगारासाठी मोडली."

तिथे सगळे संपले. मी हा विचार केलाच नव्हता. शपथ पाळली तर वर्ग बंद, आणि मोडली तर कारण मी. सासऱ्यांनी हे आधीच ओळखले होते. 

अंदाजपत्रकाच्याच सुमारास घरोघरी वर्षाची बेगमी भरली जाते. हळकुंडे, मिरच्या, धणे, चिंच. सासूबाई आणि मी दरवर्षीप्रमाणे बेगम बाजारात आप्पांच्या दुकानी गेलो. हळकुंड मोडून पाहायचे, आतला रंग पाहायचा, मग भाव. सासूबाई भावात शिरल्या होत्या, मी मधेच आप्पांना विचारले, "घरपट्टी वाढू नये असे बाजाराला वाटते. पण तेवढ्यासाठी मुलींचे वर्ग बंद पडावेत असेही वाटते का?"

आप्पांनी तराजू खाली ठेवला. "बाई, आमचं वर्गाशी भांडण नाही. आमचं भांडण वाढीशी आहे. पट्टी चढली की उतरत नाही. लढाईच्या साली म्हणले थोड्या दिवसांसाठी आहे. लढाई संपली, पट्टी ऱ्हायली. आन पैसा ज्या कामाला मागतेत त्या कामाला लागत नाही. गटाराला म्हणून घेतेत, कमानीला लावतेत."

"हे बरोबर आहे," मी म्हटले. बरोबरच होते.

"हौ. आता मी विचारतो. तुमचा पगार त्या वर्गांतून निघतो का नाही?"

"निघतो."

"मग तुम्ही कशाला बोलता? नक्को. वकीलसाबांना पाठवा. शपथ त्यांनी उचलली, सुनेनं येऊन खाली ठेवता येत नाही."

सासूबाईंनी हळकुंडे तिथेच टाकली. "चल गं. हळद दुसरीकडे मिळते."

"आणि हा भाव?" आप्पा म्हणाले.

सासूबाई थांबल्या. भाव खरोखरच चांगला होता. त्यांनी हळद घेतली, पण पूर्ण रस्ताभर आप्पांना नावे ठेवली.

मला मात्र आप्पांचा राग आला नाही. त्यांच्या बोलण्यात एक गोष्ट होती जी घरात कुणी काढली नव्हती. शपथ खाली ठेवता येते. जिथे उचलली तिथेच, ज्यांच्यासमोर उचलली त्यांच्यासमोरच. सासऱ्यांपुढे दोनच वाटा आहेत असे आम्ही धरून चाललो होतो, पाळणे आणि मोडणे. जाऊन मागणे ही तिसरी वाट होती. तिच्यात अडचण एकच, आणि ती अडचण मी होते.

दुसऱ्या दिवशी शाळेत जाऊन मी मंडळाच्या चिटणिसांना राजीनामा दिला. परीक्षा आटोपल्यावर मी येणार नाही. वर्ग राहिले तर दुसरी बाई नेमा. संध्याकाळी घरी सांगितले. यजमान म्हणाले, "पगार जाईल." मी म्हटले, "वर्ग बंद झाले तरी जाईलच." त्यांना हा हिशोब पटला.

सासऱ्यांना पटला नाही. ते रागाने उभेच राहिले. "मी तुला सांगितले होते का?"

"नाही. सांगितले असते तर दिला नसता."

"मग आता मी काय करायचे?"

"बाजारात जायचे, मामंजी. तुमच्या वाटेत आता माझा पगार नाही."

ते त्या दिवशी माझ्याशी बोलले नाहीत. पुढचे दोन दिवस फक्त मुलाशी बोलले. मग एका सकाळी कोर्टात जायचा काळा कोट न घालता पांढरा सदरा घालून बाहेर आले आणि सासूबाईंना म्हणाले, "मिरच्या आणायच्या राहिल्या आहेत ना? चला दोघी."

मिरच्या राहिल्या नव्हत्या. तरी आम्ही पिशव्या घेतल्या.

आप्पांच्या दुकानात दहा-बारा माणसे जमली. सासऱ्यांनी निरोप आधीच पाठवला होता. आम्ही दोघी आत पोत्यांपाशी बसलो. हळदीची धूळ नाकात जात होती आणि सासूबाई शिंका आवरत होत्या. सासरे उभे राहिले. कोर्टात ते फार छान बोलत असे म्हणतात. इथे बोलणे चांगले झाले नाही. ते म्हणाले, "मी इथे एक वचन दिले आणि गौलीगुड्यात दुसरे. दोन्ही एका खिशात मावत नाहीत. चूक माझी आहे. वचन मोडायला आलो नाही, सोडवून मागायला आलो आहे."

एक किराणावाले म्हणाले, "सुनेची नोकरी वाचवायला आलात."

"तिने राजीनामा आधीच दिला आहे," सासरे म्हणाले.

सगळे आमच्याकडे वळून पाहू लागले. त्याच क्षणी सासूबाईंना शिंक आली. थोडे हसू झाले, आणि तेवढ्याने वातावरण सैल झाले.

मग वाद झाला तो शपथ सोडता येते की नाही यावर. एका म्हाताऱ्यांचे म्हणणे, उचललेला भंडार खाली ठेवता येत नाही, घराला बाधतो. दुसरे म्हणाले, देवासमोर नवस बोललेला असेल तर देवाला विचारायचे. इथे तर समोर आपण होतो, आपण सोडू शकतो.  शेवटी आप्पा म्हणाले, "वकीलसाब, तवा तुम्ही मुदत घातली नव्हती. आता घाला."

आणि मग पाहण्यासारखे झाले, कारण सासरे पुन्हा वकील झाले. वाढ दोन वर्षांपुरती. वाढीचा पैसा शाळेच्या वर्गांना आणि गटाराला, दुसऱ्या कशालाही नाही. दरवर्षी अंदाजपत्रकाच्या आधी इथे, याच दुकानात येऊन किती जमा झाले आणि कुठे लागले ते वाचून दाखवायचे. दोन वर्षांनी वाढ पुढे चालवायची असेल तर पुन्हा विचारायचे. बलदियातही त्यांनी याच अटींचा ठराव मांडायचा, आणि ठराव अटींसकट पास होत नसेल तर वाढीला मत द्यायचे नाही. बाजाराने एकेक अट ताणली, त्यांनी एकेक बांधली. किराणावाले उठून गेले. "पुढच्या वेळी बघू," म्हणाले. बाकीचे राहिले.

आप्पांनी सासऱ्यांना हात पुढे करायला सांगितले. त्यावर बेल आणि हळद ठेवली, तशीच परत उचलून घेतली आणि उरलेल्या हळदीचे बोट त्यांच्या कपाळाला लावले. "सुटलात," ते म्हणाले. मग आत डोकावून, "बाई, पिशव्या आणल्यात, हळद किती तोलू?"

सासूबाई म्हणाल्या, "आप्पा, हळद तर आम्ही आधीच नेली."

"मग कशाला आलात?"

"ऐकायला."

बलदियाच्या सभेत ठराव थोड्या मतांनी पास झाला. कुणीतरी ओरडले की वकीलसाहेबांच्या हाताचा रंग उतरला. सासरे खाली बसले आणि घरी येऊन म्हणाले, इतका आवाज कोर्टात झाला असता तर मी दंड करवला असता. वर्ग चालू राहिले. गटार झाकले गेले, त्याला मात्र सांगितल्यापेक्षा पुष्कळ वेळ लागला.

माझ्या जागी आलेली बाई माझ्यापेक्षा बरी शिकवत असे. हे मला मुलींनीच सांगितले, आणि त्यांचे पेपर पाहून मलाही पटले. मी घरी बसून कंटाळले असे म्हणणार नाही. पण कुणी अपूर्णांक विचारला की माझा हात आपोआप खडूसाठी पुढे होई. सासऱ्यांचा आग्रह होता की, ते सभासद आहेत तोवर बलदियाचा पैसा लागणाऱ्या कोणत्याही शाळेत मी अर्ज करायचा नाही. मी मान्य केले. स्वतःच सुरू केलेल्या गोष्टीवर कुरकुर करून उपयोग नसतो.

दोन्ही वर्षे ते आप्पांच्या दुकानी जाऊन जमाखर्च वाचून आले. पहिल्या वर्षी लोक ऐकायला आले. दुसऱ्या वर्षी निम्मेच आले; आप्पा म्हणाले, भरवसा बसला की माणसं येत नाहीत, खुशी माना. वाढ पुढे चालू ठेवायला बाजाराने होकार दिला.

मग निवडणूक आली आणि सासरे पडले. बेगम बाजारने पाडले नाही. तिथली मते, मोजली गेली तेव्हा, पहिल्यापेक्षा जास्तच निघाली. पाडले आमच्या गल्ल्यांनी. ज्यांच्या मुली त्या वर्गांत बसत होत्या, ज्यांच्या दारामागचे गटार झाकले गेले, त्यांनी. घरपट्टी त्यांनाही वाढली होती, आणि त्यांच्याकडे जाऊन कुणी काही मागितले नव्हते, सांगितलेही नव्हते. शेजारच्या मास्तरांनी तोंडावर म्हटले, "वकीलसाहेब, व्यापाऱ्यांना विचारलेत, आम्हाला नाही." सासरे म्हणाले, "खरे आहे." आणि त्यांना चहाला बोलावले. सासूबाईंनी त्यांना कमी साखरेचा चहा दिला.

निकालाच्या दुसऱ्या सकाळी मी साडी बदलून बाहेर निघाले. वरच्या वर्गांची एक तुकडी वाढली होती आणि गणिताला बाई हवी होती, हे मला आधीच कळले होते. सासरे ओसरीवर वर्तमानपत्र वाचत होते. आता ते पूर्ण त्यांचे होते, शेजाऱ्यांशी वाटून घ्यायचे नव्हते. त्यांनी चष्म्यावरून माझ्या हातातला कागद पाहिला.

"अर्ज?"

"हो, मामंजी."

"केव्हा लिहिलास?"

"मतमोजणीच्या आदल्या संध्याकाळी."

त्यांनी वर्तमानपत्र खाली केले. "म्हणजे मी पडणार हे तू धरूनच चालली होतीस. मग एक मत माझ्या विरोधात आपल्याच घरातून गेले असणार."

"मत गुप्त असते, मामंजी," मी म्हटले आणि चपला घातल्या.

ते मोठ्याने हसले. मागच्या पडवीतून सासूबाईंनी विचारले की काय झाले, आणि ते त्यांना सांगायला आत गेले. मी शाळेत वेळेवर पोचले.